परक्या शहरात इस्पितळ शोधताना



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीत झाले. एक धडा मात्र लंडनला मिळाला. कामगारांच्या बैठकीसाठी आम्ही दोघे तिकडे गेलो होतो. मध्यरात्री सोबत्याच्या छातीत कळ आली, घाम सुटला. मी उठलो, तर तो हात धरून म्हणतो, "भाऊ, डॉक्टर नको. इथले बिल फेडायला घर विकावे लागेल!" त्या भीतीपायी आम्ही पाऊण तास घालवला. अखेर लॉजच्या पहारेकऱ्याने ९९९ क्रमांक फिरवला. सोबती वाचला, पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही.

चकचकीत दारे म्हणजे चांगले इस्पितळ नव्हे. लंडनच्या पुष्कळ बड्या खाजगी इस्पितळांत तातडीचा विभागच नसतो. तो सापडतो सरकारी इस्पितळात. पार्लमेंटसमोर नदीपलीकडे सेंट थॉमस आहे, तेथे तो आहे. या विभागातल्या उपचाराचे पैसे परदेशी माणसाकडूनही घेत नाहीत. खाटेवर दाखल केले की मात्र हिशेब सुरू होतो, आणि आपल्यासारख्या पाहुण्याला सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. तरीही जिवावरचा उपचार पैशासाठी अडवायचा नाही, असा तिथला नियम आहे.

तेव्हा निघण्यापूर्वी प्रवासाचा विमा उतरवा. जुने दुखणे त्यात लपवू नका. औषधांची मूळ नावे, कंपनीची नव्हेत, इंग्रजीत लिहून खिशात ठेवा. दुखणे साधे असेल तर १११ वर विचारा. भाषा अडली तर दुभाषी मागा, लाजू नका.

ही व्यवस्था आभाळातून पडली नाही. वेल्समधल्या ट्रेडेगर गावी कामगार पगारातून वर्गणी काढून डॉक्टर ठेवीत. त्याच गावचा, पोरवयात खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला, आणि ५ जुलै १९४८ रोजी ती सोय साऱ्या देशाला मिळाली. माझा सोबती वाचला, त्यात त्या खाणकामगारांच्या पै-पैचा वाटा आहे.

आता एकच विचारतो. उद्या आपल्या गावात एखादा परप्रांतीय मजूर छातीला हात लावून खाली बसला, तर १०८ फिरवून त्याच्यासोबत जाणारे आपल्यात किती निघतील? त्याचे उत्तर आपापल्या मनाला द्या.