शोधाचा खेळ आणि आपला किल्ला
(रत्नागिरी तालुक्यातील शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे एका खेळाविषयी बोलणार आहे. त्याचे ‘जिओकॅशिंग’ हे नाव परके असले तरी त्याचा गाभा आपल्या लपंडावाहून फारसा निराळा नाही. येथे गडी न लपता एखादी डबी लपते, आणि तिचे ठिकाण अक्षांश-रेखांशांनी सांगितले जाते, इतकाच काय तो फरक.

उपग्रहांच्या नागरी संदेशांत जाणूनबुजून ठेवलेली चूक अमेरिकेच्या शासनाने २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी रानात एक बादली ठेवली, तीत वही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू घातल्या आणि ते ठिकाण अंकांनी जाहीर केले. शोधणाऱ्याने वहीत नाव लिहावे आणि एखादी वस्तू घेतल्यास दुसरी ठेवावी, एवढाच नियम. आज हा खेळ जगभर चालतो.

वर्गात अक्षांश-रेखांश शिकविताना आपण पृथ्वीच्या गोलावर रेघा दाखवितो. मुले त्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. या खेळात त्याच रेघा पायांखाली येतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्याचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, अर्थात एक सागरी मैल. आणि मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम दोन मीटर. हे गणित मुलांनी चालून अनुभवले, तर ते विसरणे कठीण.

आता माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेची मुले मी रत्नदुर्गावर नेली होती. तटाच्या एका फटीत मी स्वतः डबी ठेवली आणि मुलांच्या गटांना मोबाईल फोनवर अंक दिले. मुले फोनकडे पाहात धावत सुटली. यंत्राने त्यांना पाच-सात मीटरांच्या आत आणून सोडले. त्याहून अचूक ते सहसा सांगत नाही. मग मुलांनी दिसेल त्या फटीत हात घातले. दोन चिरे निखळले. एक मुलगा तटाच्या कडेवर चढला. सोबतच्या बाईंनी वेळीच त्याचा हात धरला म्हणून बरे. डबी सापडली, टाळ्या वाजल्या. परत फिरताना मी विचारले, “येथून दीपगृह कोणत्या दिशेस आहे?” सगळे गप्प. शेवटी मिरकरवाड्याची एक मुलगी म्हणाली, “बत्ती ना, सर? माझे बाबा रात्री तिच्याकडे बघूनच बंदरात येतात.”

त्या उत्तराने माझे डोळे उघडले. किल्ल्यावरचे ते दीपगृह १८६७ सालचे. समुद्रात ‘मी कोठे आहे’ हे नाविकास सांगणे, हेच त्याचे काम. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आज तेच काम करतात; निदान चार उपग्रहांचे संदेश येण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र आपले ठिकाण काढते. बत्ती आणि उपग्रह यांचा हा संबंध माझ्या डबीने नव्हे, त्या मुलीने दाखविला.

म्हणून पुढच्या खेपेस मी डबी शाळेतच ठेवली. काही लपविण्याऐवजी नेमून दिलेल्या स्थळी निरीक्षण करून उत्तर आणावयाचे, असाही या खेळाचा एक प्रकार आहे; प्राचीन वास्तूंसाठी तोच योग्य होय. पहिले स्थळ भगवतीचे देऊळ: बालेकिल्ला याच जागी का बांधला असावा? दुसरे स्थळ तटावरील एक सुरक्षित मोकळी जागा: किती बाजूंस समुद्र दिसतो, आणि शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये घेतलेल्या या किल्ल्यास त्याचा उपयोग काय झाला असेल? तिसरे स्थळ खाली मांडवीचा किनारा: येथील वाळू काळी आणि मिऱ्याकडील पांढरी, असे का? मुलांनी कोरड्या काळ्या वाळूवरून लोहचुंबक फिरविला आणि त्यास कण चिकटलेले पाहून ती थक्क झाली. इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजे त्या वाळूत असतात, हे मी नंतर सांगितले. तिन्ही उत्तरे आणणाऱ्या गटाने शाळेतील डबीच्या वहीत नावे लिहावयाची.

पथ्ये मोजकीच आहेत. पालकांची संमती आधी घ्यावी. पावसाळ्यात व भरतीच्या वेळी किनाऱ्याचे स्थळ घेऊ नये. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. तटाच्या कडेपासून दूर असलेलीच स्थळे आधी स्वतः चालून नक्की करावीत. शर्यत लावू नये. आणि फोन गटात एकच असावा. उरलेल्यांनी डोळे वापरावेत.

रत्नदुर्ग सर्वांनाच जवळ नाही, हे मी जाणतो. परंतु प्रत्येक गावास एखादी जुनी विहीर, घाटी, बंदर वा देऊळ असतेच. त्यासंबंधी तीन प्रश्न तयार करा. मात्र त्यांतील एकाचे तरी उत्तर गावच्या एखाद्या मुलास आपल्याहून अधिक ठाऊक असावे. असा प्रश्न सापडला की उपक्रम निम्मा सिद्धीस गेला असे समजावे.