थकवा, धूर आणि गळ्यातली ग्रंथी



माझ्या खालापासून सुरुवात करतो. ती सतत थकलेली असायची. केस गळायचे, वजन वाढायचं, एप्रिलच्या उकाड्यातही तिला चादर लागायची. घरचे म्हणायचे आळस. शेजारी म्हणायचे नजर लागली. चार वर्षांनी एका डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच वाढलेलं निघालं. थायरॉईड मंदावला होता.

तिची अर्धी हयात चुलीपुढे गेली. मग हे धुरामुळेच झालं का? एका माणसाबद्दल असं ठामपणे सांगता येत नाही. पण हा प्रश्न आता संशोधकही विचारत आहेत.

थायरॉईड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. अन्नातलं आयोडीन घेऊन ती संप्रेरकं बनवते आणि शरीराच्या कामाचा वेग सांभाळते. धुरातले पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याइतके बारीक असतात. ते फुफ्फुसात खोल जातात, त्यातले अतिसूक्ष्म रक्तातही उतरतात. त्यातून दाह वाढून संप्रेरकांचं काम बिघडत असावं, असा अंदाज आहे.

२०१९ साली युरोप-अमेरिकेतल्या ९,९३१ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे हे कण जास्त, तिथे टी-फोर हे संप्रेरक कमी असण्याची शक्यता जास्त दिसली. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच संप्रेरकावर वाढतो, म्हणून हे गंभीर. अर्थात, हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. आनुवंशिकता, आयोडीन आणि शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती ही जुनी कारणं आहेतच. मुंबई-गोव्यासह आठ शहरांच्या २०१३ च्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांचा थायरॉईड मंद आढळला होता.

आपण म्हणतो, रत्नागिरीत समुद्राचा वारा आहे, आपल्याला काय होतंय! पण घरात चूल आहे, डासांची कॉइल आहे. रस्त्यावर महामार्गाच्या कामाची धूळ आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात डिझेलचा धूर आहे. जयगडला कोळशावरचं वीज केंद्र आहे, लोट्याला रासायनिक कारखाने आहेत. यांच्यामुळे थायरॉईड होतो, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, हवा मोजा आणि आकडे आम्हाला दाखवा. जागतिक आरोग्य संघटना पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर सुचवते; आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. म्हणजे सरकारी कागदावर ‘ठीक’ असलेली हवाही निर्धोक असेलच असं नाही.

तुम्ही तरुण आहात, तीन कामं करा. एक, घरातली बाई महिनोन्‌महिने थकलेली असेल, तर टोमणे मारू नका, डॉक्टरांना विचारून टीएसएच तपासून घ्या. पुरुषांनाही हा आजार होतो. दोन, स्वयंपाकघरातला धूर कमी करा आणि आयोडीनयुक्त मीठच वापरा. तीन, ग्रामसभेत विचारा, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात आकडे मागा.

आणि रमजानमध्ये गोळी बंद करू नका. ती रिकाम्या पोटी घ्यायची असते. सहरीआधी की झोपताना, ते डॉक्टरांशी आधीच ठरवा.

खाला आज बरी आहे. रोज एक गोळी घेते. पण आळशी म्हणून ऐकून घेतलेली ती चार वर्षं तिला परत मिळणार नाहीत. तुमच्या घरात कुणाची अशी वर्षं वाया जाऊ देऊ नका.