पॅसेंजरचे डबे कोणी बदलायचे?



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तावर बोलणारे येतात, इतिहासावर बोलणारे येतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि पॅसेंजर गाडीच्या डब्यात झाले. तेव्हा त्या डब्यासंबंधीच चार शब्द आपणांपुढे मांडावे असे आम्ही ठरविले आहे. विषय लहान वाटेल, पण मराठवाड्याला देशाच्या हिशेबात कोठे बसविले आहे, हे या डब्यावरून जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून कळत असेल.

प्रथम डबा म्हातारा कसा होतो ते पाहू. ज्या निळ्या डब्यांतून आपण वर्षानुवर्षे प्रवास केला, त्यांचे मूळ चेन्नईच्या पेरांबूरचे. तेथील इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी झाले. आराखडा स्विस होता आणि त्या काळी तो उत्तमच होता. लाकडी डब्यांच्या जागी सबंध पोलादी डबा आला ही मोठी प्रगती होती. अशा डब्याचे आयुष्य २५ वर्षे धरतात. पण लोखंडाचा वैरी पाणी. संडासाखाली आणि दारापाशी पाणी मुरते, तळाचा पत्रा आतून गंजतो. वरून रंगाचा हात दिला की बाहेरच्याला काही दिसत नाही. पण डब्याखाली वाकून काम करणाऱ्या फिटरला ते दिसते. दुसरा दोष जोडणीचा. आघात झाला की जुन्या पद्धतीचे डबे एकमेकांवर चढतात आणि माणसे आत चिरडतात.

यावर उपाय सापडला नाही असे नाही. १९९५ मध्ये जर्मनीच्या लिंके-हॉफमन-बुश कंपनीशी करार झाला आणि त्या जातीचे डबे पुढे आपल्याकडे बनू लागले. ते गंजाला दाद न देणाऱ्या पोलादाचे आहेत आणि त्यांची जोडणी अशी की सहसा डबा डब्यावर चढू नये. २०१८ साली पेरांबूरने जुन्या जातीचे डबे बांधणे बंदच केले. म्हणजे नवा डबा अधिक सुरक्षित आहे, याबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो एवढाच, की तो आधी कोणाला मिळायचा.

तो आधी राजधानी आणि शताब्दीला मिळाला, मग मोठ्या एक्स्प्रेस गाड्यांना. पॅसेंजर रांगेत शेवटी. वर उतरलेला डबा खाली यावयाचा, ही पद्धत. गरिबाच्या घरी थोरल्याचा सदरा धाकट्याला देतात, तसेच हे. त्या माउलीला आम्ही नावे ठेवणार नाही; पण ती सदरा विरला आहे का ते उजेडात धरून पाहते, आणि कधी तरी दिवाळीला धाकट्यालाही नवे कापड घेते. आमचा प्रश्न इतकाच आहे, की या धाकट्याची दिवाळी कोणत्या साली यावयाची?

यावर उत्तर ठरलेले असते : "पॅसेंजर तोट्यात चालते." हिशेब आम्हांलाही येतो. २०२० साली महामारीत गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरला एक्स्प्रेसचे भाडे लागले. किमान तिकीट १० रुपयांचे ३० रुपये झाले. जुने भाडे परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. जाऊन येऊन रोज ४० रुपये जास्त, ही रक्कम रोजंदारीच्या माणसाला विचारा. पूर्णेहून नांदेडच्या दवाखान्यात येणारी बाई, परभणीहून कामावर येणारा मजूर, लातूरला शिकायला जाणारा पोरगा, यांच्या श्रमावर आणि विद्येवर ही शहरे उभी आहेत. त्यांचे वेळेवर पोहोचणे जमेच्या बाजूला कोणी मांडीत नाही. मग तोटा दिसणारच.

दुसरे म्हणतात, मागास मुलखाला जुने सामान पुरते. त्यांना आम्ही बार्शी लाइटची आठवण देतो. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शीची अरुंद रेल्वे सुरू केली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. त्याने दुसरीकडची टाकाऊ गाडी येथे आणली नाही. दर आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये अशा बेताने इंजिने, वाघिणी, डबे सर्व नव्याने बांधून घेतले, म्हणून हलक्या स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल जाऊ शकला. कंपनीने ते नफ्यासाठीच केले; पण गरीब मुलखाला साजेशी नवी गाडी बांधता येते हे तेव्हाच सिद्ध झाले. त्याच कथेची दुसरी बाजूही आहे. १९५४ साली ही रेल्वे सरकारने घेतली. तरी लातूर-उस्मानाबाद-कुर्डुवाडी मार्ग रुंद व्हायला २००७-०८ साल लागले. एके काळी नवे असलेलेही वेळेवर बदलले नाही, तर पायातली बेडी होते.

आज आपल्याला साजेशी गाडी कोणती? आमच्या मते मेमू. हिच्या डब्यांखालीच विजेच्या मोटारी असतात, म्हणून प्रत्येक थांब्यानंतर ती चटकन वेग घेते; दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्याने इंजिन फिरविण्यात वेळ जात नाही. दर काही मैलांवर थांबणाऱ्या गाडीला याहून चांगले काय? विजेच्या तारा तर आल्याच आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत आली ती त्या तारांखालूनच. मग त्याच तारांखालून पॅसेंजरचा उद्धार का होऊ नये?

आणि कारखाना तर आपल्या दाराशी आहे. लातूरजवळ मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले. २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. वर्षाला २५० डबे ही सुरुवातीची क्षमता सांगितली गेली आणि काय काय बनेल त्या यादीत मेमूचे नाव होते. पुढे २०२३ मध्ये रेल विकास निगम आणि एक रशियन कंपनी यांच्या भागीदारीबरोबर करार झाला तो वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचा. एकूण १,९२० डबे. दूरच्या प्रवाशाने निजून जावे, आमचा त्याला विरोध नाही. पण लातूरला डबे बनावेत आणि लातूर रोडच्या फलाटावर जुनाच डबा यावा, हा दिव्याखालचा अंधार झाला. त्या कारखान्याच्या कामात पॅसेंजर गाड्यांचा वाटा ठरलेला असावा, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी कामगारांची. मेमू आली की शंटिंगचे काम कमी होईल, हे आम्ही आमच्या बांधवांपासून लपवीत नाही. जुना पत्रा जोडणाऱ्या वेल्डरला नवे पोलाद जोडण्याची विद्या शिकावी लागेल. ती त्याला पूर्ण पगारावर, गाडी येण्याआधी शिकवावी. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचा भोंगा थांबलेला या शहराने पाहिला आहे. यंत्र बदलताना माणसाची सोय लावली नाही, तर माणूस यंत्राचा शत्रू होतो. आणि त्यात दोष माणसाचा नसतो. लातूरच्या कारखान्यातही आयटीआय झालेल्या आपल्या मुलांना कायम नोकरी मिळावी. ठेकेदाराच्या हजेरीपटावर पिढी घालवू नये.

मागणी करायची तर माहिती हवी. नांदेडचा कारभार सिकंदराबादहून चालतो, लातूर स्टेशन सोलापूर विभागात. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील. म्हणून एक काम आपण सर्वांनी करावे. डब्याच्या बाजूला क्रमांक रंगविलेला असतो. त्याचे पहिले दोन आकडे बांधणीचे साल सांगतात. गाडीत चढण्यापूर्वी ते वाचा, तारखेसह वहीत टिपा. अशा शंभर वह्या जमल्या की आमच्या युनियनच्या कचेरीत आणून द्या. त्यांचे निवेदन लिहून दोन्ही कचेऱ्यांत पोचविण्याचे काम आमचे.