आतड्यांची शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्गाचे निवारण



मोठ्या आतड्यात असंख्य जंतूंचे वास्तव्य असते. तेथे ते बहुधा निरुपद्रवी, किंबहुना उपकारकच असतात. परंतु शस्त्रक्रियेसाठी आतडे उघडले, की तेच जंतू पोटाच्या जखमेत उतरतात. 'ऑपरेशन चांगले झाले, पण टाके पिकले' ही तक्रार पुष्कळदा यातूनच उद्भवते.

इ. स. १८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्यास आरंभ केला. तो उपाय बाहेरून येणाऱ्या शत्रूवर. येथे तर शत्रू घरातच. म्हणून १९७३ मध्ये अमेरिकेतील निकोल्स, काँडन प्रभृती शल्यचिकित्सकांनी आदल्या दिवशी पोट साफ करून निओमायसिन व एरिथ्रोमायसिन ही औषधे तोंडावाटे देण्याची पद्धत मांडली. नुसत्या जुलाबाने संसर्ग टळत नाही, सोबत प्रतिजैविक हवे, असेच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनाही सांगतात.

२०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. भारतासह सात देशांतील तेरा हजारांहून अधिक रुग्ण तीत होते. पोट शिवण्यापूर्वी हातमोजे बदलायचे आणि नवी निर्जंतुक उपकरणे घ्यायची, एवढाच उपाय. जखमेच्या संसर्गाचे प्रमाण शेकडा १८.९ होते, ते १६ वर आले. हिशेबी माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. परंतु शंभरांतील ते तिघे ज्या घरचे, त्या घराला विचारावे!

कुटुंबीयांच्या हातीही पुष्कळ आहे. आदल्या दिवशी साबणाने स्नान घालावे. घरी वस्तऱ्याने केस मुळीच काढू नयेत. सूक्ष्म ओरखड्यांत जंतू ठाण मांडतात. तंबाखू व धूम्रपान काही आठवडे आधीच सोडावे, मधुमेह आटोक्यात आणावा. प्रतिजैविकाचे इंजेक्शन छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांच्या आत द्यावयाचे असते. संसर्ग नसताना 'आणखी पाच दिवस चालू ठेवा' असा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नये. आणि समाचाराला येणाऱ्या आप्तांनी रुग्णाच्या खाटेवर बसून पट्टी उचलून पाहण्याचा मोह आवरावा. आपली ही सवय फार जुनी आहे.

घरी परतल्यावरही सुमारे ३० दिवस जखमेकडे लक्ष असावे. लाली, सूज, पू वा ताप दिसताच शल्यचिकित्सकांना दाखवावे. पोट फुगून वेदना वाढत असल्यास आतड्याची जोडणी गळत असण्याचा संभव असतो. अशा वेळी घरगुती काढा न देता रुग्णाला रात्रीच रुग्णालयात न्यावे.