पिकांची सूक्ष्म अन्नद्रव्ये



पैठण तालुक्यातील मोसंबीच्या बागेत नवी पालवी पिवळी पडू लागली, की शेतकरी चिंतातुर होतो आणि बहुधा युरियाचे पोते आणतो. युरियातून नत्र मिळते. परंतु उणीव नत्राचीच आहे काय, हे पाहिले जात नाही. पैसा खर्ची पडतो आणि झाड पिवळेच राहते.

नत्र, स्फुरद व पालाश वनस्पतीला विपुल लागतात. लोह, जस्त, मंगल, तांबे, बोरॉन व मॉलिब्डेनम ही द्रव्ये अत्यल्प लागतात. एक किलो वाळलेल्या वनस्पतीत नत्र सुमारे १५ ग्रॅम असते, तर जस्त अवघे २० मिलिग्रॅम पुरते. परंतु अल्प म्हणजे अनावश्यक नव्हे. भातावरील ‘खैरा’ रोगाचे मूळ जस्ताच्या उणिवेत आहे, हे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये पंतनगर येथे दाखवून दिले.

मराठवाड्यातील पुष्कळ काळ्या जमिनींत चुनखडी अधिक असते. अशा जमिनीत लोह असूनही ते पाण्यात विरघळत नाही. सबब मुळांना मिळत नाही. कोठार भरलेले, पण दाराला कुलूप, अशी ही अवस्था होय. जस्ताचीही गत तीच. त्यात स्फुरदाचा अतिरेक झाल्यास त्याची टंचाई वाढते.

ही उणीव ओळखावी कशी? नत्र वनस्पतीत जुन्या पानांतून नव्या पानांकडे जाते. म्हणून त्याच्या अभावी जुनी पाने प्रथम पिवळी पडतात. लोह तसे हलत नाही. म्हणून कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा भेद चौथीतील मूलही शाळेच्या बागेत पाहू शकेल.

मात्र केवळ पान पाहून औषध ठरवू नये. बोरॉन किंचित अधिक झाले तरी ते पिकास बाधते. म्हणून मातीची तपासणी प्रथम करावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन यांचीही नोंद असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाही घेता येतो.

विद्यार्थ्यांनी घरची पत्रिका वर्गात आणावी व शिक्षकांनी ती वाचावयास शिकवावी. अंकगणिताचा तो उत्तम पाठ होईल; आणि एखाद्या घरचा व्यर्थ खर्चही त्यामुळे वाचेल.