आपल्या जुन्या जीपविषयी



१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. आपली जीप त्याच घराण्यातली. मुलुंडच्या गॅरेजमध्ये तिला मजबूत एक्सल आणि जास्त पाट्यांच्या कमानी बसवल्या. चढ सहज चढू लागली. पण आरेच्या पाड्यावरून एका गरोदर बहिणीला आणताना ती प्रत्येक खड्ड्याला कळवळली. पाटे वाढले की हलकी गाडी जास्त आदळते, हे मी ध्यानात घेतलेच नव्हते. मग एक्सल तसाच ठेवून दोन-दोन पाटे उतरवले, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले. आता ओझे कमी नेता येते, पण आजारी माणूस आडवा होऊन येतो. तुमचे पैसे दोनदा खर्च झाले, चूक माझी. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. प्रभूची स्तुती असो.