विदूषक माशाचें सुख



घरांत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवण्याची हौस आतां आपल्या शहरांतही आली आहे. तींत पहिला मान बहुधा नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशाला मिळतो. २००३ सालीं ‘फाइंडिंग नेमो’ हा बोलपट निघाल्यापासून मुलें त्याला नांवानेंच ओळखतात. त्या बोलपटांत त्याचें घर समुद्रफुलांत आहे. म्हणून ‘फुलावांचून बिचारा सुखी कसा राहील?’ हा प्रश्न हटकून येतो. प्रश्नांत माया आहे. यास्तव त्याचें उत्तर नीट शोधलें पाहिजे.

समुद्रफूल हें खरोखर फूल नव्हे; तो प्राणी आहे. पाकळ्यांसारखे दिसतात ते त्याचे दंश करणारे बाहू. इतर लहान मासे त्यांच्या स्पर्शानें लुळे पडतात. विदूषक माशाला मात्र अंगावरील बुळबुळीत लेपामुळें तो दंश बाधत नाहीं. कथबर्ट कॉलिंगवुड या निसर्गाभ्यासकानें चिनी समुद्रांत हें साहचर्य पाहून १८६८ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें.

समुद्रांत हा मासा फुलाला धरूनच राहतो. पोहण्यांत तो मंद. आश्रय सुटला कीं मोठ्या माशाच्या तोंडीं गेलाच. तोही हा आश्रय फुकट घेत नाहीं. फूल कुरतडणाऱ्या माशांना तो हुसकावतो, आणि त्याच्या मलमूत्रानें फुलाच्या देहांतील सूक्ष्म शेवाळाला खत मिळतें.

पण घरच्या टाकींत शत्रूच नसतो. केरळांतील विळिंजम येथील मत्स्यसंशोधन केंद्रांत हे मासे टाक्यांत उपजविले गेले आहेत. टाकींत जन्मलेले कित्येक विदूषक मासे फुलाचें दर्शनही न होतां वाढतात, जोडी जमवितात, कुंडीच्या अंगाला अंडीं घालतात, आणि नर त्यांची राखण करतो. चांगलें खाणें, अंगावरचा तजेला आणि प्रजोत्पत्ति यांपलीकडे माशाच्या सुखाची खूण आपणांस वाचतां येत नाहीं. आणि या तिन्ही खुणा फुलावांचून दिसतात.

आश्रयाची ओढ मात्र जात नाहीं. जन्मांत न पाहिलेलें फूल समोर आलें तर पुष्कळदां तो त्यांत शिरतो. तें नसेल तर एखादें पोवळें, कुंडी किंवा टाकीचा कोपरा आपला मानतो.

आतां फुलाची बाजू पाहूं. त्याला प्रखर प्रकाश आणि निर्मळ, स्थिर पाणी लागतें. नवी टाकी त्याला मानवत नाहीं. जागा शोधीत सरकतां सरकतां तें पंपांत ओढलें जातें, आणि सडूं लागलें म्हणजे टाकींतील साऱ्या जिवांना अपाय करतें. बाजारांत येणारीं पुष्कळ फुलें समुद्रांतील खडकांवरून उपटलेलीं असतात. वास्तविक या प्राण्याचें आयुष्य थोडें नसतें. जॉन डॅलिएल यांनीं १८२८ सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेलें निराळ्या जातीचें एक लहान समुद्रफूल काचेच्या भांड्यांत १८८७ पर्यंत जगलें. धन्यामागून धनी गेले, तें राहिलें. लोक त्याला ‘आजी’ म्हणत. त्याचें पाणी नेमानें बदललें जाई.

तेव्हां मुलांना सांगावें कीं, माशाला कुंडी पुरते. टाकी वर्षभर स्थिर राहिली आणि फुलाची निगा फुलासाठींच राखण्याची तयारी असली, तर मग तें आणण्याचा विचार करावा. माशाच्या सुखासाठीं म्हणून घाईनें आणलेलें फूल बहुधा मरतें, आणि माशाची त्यावांचून मुळींच अडचण झालेली नसते.